खालची ओळ

"झाकण काढ! अगं, झाकण काढ आधी!" बगळेबुवा शिडीवरून ओरडले, आणि लेकीने झटकन काढलं.

दूर पळ म्हणायचं होतं, तोंडून निघालं भलतंच. कळीचा चुना पाण्यात पडला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तासभर रटरटतो, म्हणून पिंप उघडं ठेवायचं असतं. लेकीला हे कुठलं ठाऊक? भिंती खरवडताना धूळ पडू नये म्हणून तिने झाकण लावून वर दोन विटा ठेवल्या होत्या. विटा ढकलून झाकण उचलताच चुन्याची चिळकांडी उडाली ती थेट तिच्या उजव्या डोळ्यात.

बुवा शिडीवरून उतरले की पडले, त्यांनाच कळलं नाही. घरांना चुना मारून नखशिखान्त पांढऱ्या झालेल्या या माणसाला सगळा गाव बगळेबुवा म्हणे, पण आत्ता त्यांचं तोंड चुन्याहून पांढरं पडलं होतं. उद्या लेकीची बसड्रायव्हरच्या नोकरीसाठी डोळ्यांची तपासणी होती. गडी आला नाही म्हणून बुवांनीच "एकच दिवस ये गं" म्हणत तिला कामावर ओढून आणलं होतं.

"तेल घाला, काका!" इमारतीचा वॉचमन धावत आला.

"तेल घालशील तर हात मोडीन! गाडी आण."

बुवांनी खसाखसा हात धुतले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नळाची नळी डोळ्यावर धरली. अंगठ्याने पापणी उघडी ठेवली.

"सोडा बाबा! मरते मी!"

"शिव्या दे हव्या तेवढ्या. पण डोळा मिटू नकोस."

तिने दिल्या. आईकडून आलेला साठा भरपूर होता. बुवा पाणी सोडत राहिले. गाडी दारात येऊन हॉर्न वाजवू लागली तरी वीस मिनिटं ते हलले नाहीत. या पोरीचा डोळा गेला तर आपल्याला जगायचा हक्क नाही, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. पुढे गाडीतही बाटलीने धार चालूच होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा डोळा धुतला, औषध घातलं, यंत्रातून निरखून पाहिलं.

"वरवर भाजलंय. पाण्यानं वाचवलं हो, काका." मग त्यांनी तिचा डावा डोळा झाकला. "समोरचा बोर्ड वाच बघू."

लेक वाचू लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. पाचवीला अडखळली. तिने डोळ्यातलं पाणी गळू दिलं आणि पुढे वाचत गेली.

बुवांनीही मान वर करून पाहिलं. चुना मारण्यात गेलेल्या चाळीस वर्षांत त्यांना कुणी बोर्ड वाचायला लावलं नव्हतं. दोन्ही डोळे उघडे होते. समोर सगळं पांढरं होतं. भिंत कुठे संपते आणि बोर्ड कुठे सुरू होतो, तेही त्यांना कळेना.

"बाबा, बघितलंत? सगळ्यात खालची ओळपण आली!"

"बघितलं की," बुवा म्हणाले. "एक अक्षर चुकली नाहीस."