मागच्या पायरीवरचे फिल्टर

खंडेनवमीची सकाळ होती. साल शहाण्णव. सांगलीजवळच्या वस्तीवर दादासोनं आपल्या वडाप जीपचं, गावोगावचे प्रवासी भरून नेणाऱ्या गाडीचं, जुनं ऑईल सोडलं होतं. दुकानातून पसंतीवर आणलेले तीन ऑईल फिल्टर त्यानं घराच्या मागच्या पायरीवर ठेवले.

"वैनी, कुठला घालू?"

बनाबाई त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून ती कुपवाडच्या कारखान्यात फिल्टरचे कागद चिकटवते. हातातलं भांडं ठेवून ती आली. पहिल्या फिल्टरच्या डब्याच्या रबरी रिंगेवर तिनं अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"ह्यो नगं. रबर मेलंय, आईल गळंल."

दुसरा कानापाशी हलवला. "आतला कागद सुटलाय."

तिसऱ्याची रिंग लगेच वर आली. आटे स्वच्छ होते. "ह्यो घाला. रिंगेला आदी आसं आईल लावा." तिनं अंगठ्यानं रिंगेवर थोडं ऑईल फिरवलं.

"तुमी हाय म्हणून इंजिन टिकलंय, वैनी."

दहा वाजता जीप धुऊन पुढच्या दारात उभी राहिली. झेंडूचा हार चढला. दादासोची बायको उत्कर्षा ताट घेऊन आली. बनाबाई उंबऱ्याबाहेर आली, तशी सासू धोंडुबाई म्हणाली, "बने, आत जा. सणाच्या दिशी गाडीम्होरं तुझं काय काम?"

बनाबाई हलली नाही. "मग त्यो फिल्टर काढा, भावजी. माझा हात लागलाय त्येला."

"आता काढत बसलास तर पूजेला पुढची नवमी उजाडंल रं गड्या!" शेजारचा आकाराम म्हणाला. लोक हसले.

दादासोही हसला. "आवं वैनी, त्यो आत हाय. कुणाला दिसतोय?"

"मीबी आतच हाय की. सात वरसं."

उत्कर्षाचं ताट थांबलं.

"ओवाळ गं!" सासू ओरडली. उत्कर्षानं खाली मान घालून ओवाळलं.

बाकीचे सगळे जीपमधून औंधला यमाईच्या दर्शनाला गेले. बनाबाई एकटीच जेवली. अंगठ्यावरचं ऑईल राखेनं घासलं, पण नखात राहिलंच.

तीन महिन्यांनी दादासोनं पुन्हा मागच्या पायरीवर फिल्टरचे तीन डबे ठेवले. बनाबाई कुपवाडहून आली आणि ते ओलांडून घरात गेली.

"वैनी, तेवढं बघा की."

"म्होरच्या दारात ठेवा, भावजी. तितं येऊन बघीन."

पुढच्या दारात धोंडुबाई बसली होती. दादासोनं डब्यांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. अंधार पडेपर्यंत डबे पायरीवरच होते. ते उचलून पुढं न्यायला चार पावलं लागतात. वाचणाऱ्यानं आपल्या घरातली पावलंही एकदा मोजावीत.