मापनाव

दिघोरीत नवी सून आली की पहिला प्रश्न अजूनही हाच: "मापनाव आहे का जी?" हा शब्द कुण्या पंडिताने दिलेला नाही. तो आणला कोंढ्याच्या भिंगरीने.

भिंगरी हे नाव आज्याने ठेवलं आणि पोरीने ते एक दिवसही वाया जाऊ दिलं नाही. ती एका जागी बसायची ती फक्त शिलाई मशीनवर, आणि तिथेही पाय चालूच!

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासरी, दिघोरीत, दुसऱ्याच दिवशी तांदळाचं ताट पुढे आलं. नवरा देवाजी त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिणार, मग जन्मभर तेच. सासू रंभाबाईंनी ठरवलं होतं: शांता. मांडवात कुणालाच हसू फुटलं नाही, याचं भिंगरीला नवल वाटलं.

देवाजीने 'शां' गिरवला. नव्या नवरीने तोंड उघडायचं नाही, असं आईने बजावलं होतं. तिने उघडलंच.

"आत्याबाई, हे नाव मले होत नाही जी!"

"होत नाही? काहून?"

"ढिल्लं होते. खांद्यावरून उतरून राहिलं. ब्लाउज शिवाले माप घेतो, मंग नावाचं काहून घेत नाही? भिंगरी माह्यं मापाचं नाव आहे. मापनाव!"

शब्द निघाला आणि तिची तिलाच गंमत वाटली. मांडवात एकच गलका झाला.

"धनीरामचं मापनाव नाही, खिसा फाटका!" कुणी ओरडलं.

"नि सुंदरबाईचं?"

"बराबर बसते!" सुंदरबाई स्वतःच म्हणाली आणि लाजली. वाजंत्रीवालेसुद्धा एकमेकांची नावं मापू लागले.

देवाजीने तांदूळ सपाट केले आणि एका दमात लिहिलं: भिंगरी. ती आनंदाने उडीच मारणार होती, तेवढ्यात रंभाबाईंनी ताट ओढून घेतलं. त्यांनी तळहाताने सगळं पुसून टाकलं.

"अंगठी घे," सासू म्हणाली. "तुह्यं झालं. आता लिव, मैना. मले लिवता येत नाही."

"मैना कोन जी?"

"मी. या घरात यायच्या आधी."

भिंगरीने लिहिलं. रंभाबाई अक्षरांकडे बघत राहिल्या, पण वाचणार कशा? तेव्हा भिंगरीने मांडव दणाणेल अशी हाक मारली, "मैनाबाई!"

"ओ!" सासू ओरडली आणि पदरात तोंड लपवून हसत सुटली.