भुऱ्याचे मुसके

मित्रांनो, मी एक जुने मुसके आहे, प्रताप नगरातल्या कुत्र्या-मांजरांच्या लसीकरण केंद्रात खिळ्याला टांगलेले. मुसके म्हणजे जनावराच्या तोंडाला बांधायची जाळी. घाबरू नका, मी कोणाला काचत नाही. कळमेश्वरजवळच्या एका गावात भाजी पिकवणाऱ्या रुपरावांनी मला अंबाडीच्या दोरीने विणले, ते त्यांच्या वासरासाठी. त्याला माती खायची खोड होती. त्याच्या दुधाळ श्वासात माझे बालपण गेले. भुऱ्या नावाचा कुत्रा त्या वासराला टेकूनच झोपायचा.

वासरू मोठे झाले आणि मी भाजीच्या गाडीत पडून राहिले.

एका रविवारी शहरात भाजी विकून झाल्यावर रुपराव आणि त्यांची बायको शामला भुऱ्याला इथे घेऊन आले. इथे आधी वेळ ठरवावी लागत नाही. कुत्रे-मांजर आणायचे, रांगेत बसायचे आणि थोडक्या पैशांत रेबीजची लस टोचून घ्यायची. पण केंद्रातले चामडी मुसके जवळ येताच भुऱ्या दात विचकू लागला.

"काका, आज जमणार नाही," सोनिका डॉक्टर म्हणाल्या.

"असं नोका करू मॅडम! गावात पिसाळलेलं कुत्रं फिरून राहिलं."

"अवो, वासराचं मुसकं हाये नं गाडीत!" शामला म्हणाली. "थे आणा."

मला हुंगताच भुऱ्याचे कान खाली आले. माझ्यात त्याच्या सोबत्याचा वास होता. मला तोंडाला बांधून सुई टोचेपर्यंत तो गपचूप उभा राहिला. रुपरावांनी मग मला केंद्रालाच देऊन टाकले.

पुढे कितीतरी कुत्र्यांची तोंडे मी सांभाळली. डॉक्टर माझे कौतुक करीत. मग रंगीत नायलॉनची मुसकी आली आणि मी खिळ्यावर गेले. तरी वर्षातून एकदा भुऱ्या यायचा. त्याला मीच लागायचे. तेवढ्या घटकेसाठी मी वर्षभर वाट पाहायचे.

यंदा तो आलाच नाही. दारात कुत्रे भुंकले की वाटे, हाच तो! पण तो नसे. एकदा रुपराव एकटेच आले, डॉक्टरांना वांगी द्यायला.

"भुऱ्या कुठे आहे?"

"म्हातारा झाला मॅडम, गाडीत चढत नाही. अन् एवढे साल सुया देल्या नं त्याले, आता पुन्हा काहून?"

"लसीचा जोर सरतो, काका. तुमची नात काजल त्याच्या गळ्यात पडून खेळते ना?"

रुपरावांनी वांग्यांची पिशवी रिकामी केली आणि ते निघाले.

पुढच्या रविवारी ते भुऱ्याला खांद्यावर घेऊन आले. रांगेतले कोणीतरी हसले, "काका, कुत्रं हाये का बकरी?"

"घरचं माणूस हाये गा," रुपराव म्हणाले.

माझा जीव वरखाली झाला. डॉक्टरांचा हात माझ्याकडे वळलाही.

"राहू द्या मॅडम. त्याले दात कुठं राहिले आता?" रुपरावांनी भुऱ्याची हनुवटी तळहातावर घेतली. भुऱ्याने डोळे मिटले. सुई टोचून झाली. ते गेले आणि मी खिळ्यावरच राहिले.

मित्रांनो, मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण त्या दिवशी काजलच्या घरावरचा धोका टळला, हे मी डोळ्यांनी पाहिले. तुमच्या घरातले कुत्रे-मांजर म्हातारे झाले, चालेनासे झाले, तरी त्याची लस चुकवू नका. उचलून आणा. टोचताना त्याच्याजवळ उभे राहा. आणि ते घाबरून चावायला धावलेच, तर डॉक्टरांना माझी आठवण करून द्या. मी अजून तुटलेले नाही.