पोटदुखीच्या दोन रजा

माझ्या नवऱ्याचं पोट लोखंडाचं होतं. दगड खाल्ला असता तरी ढेकर देऊन मोकळा झाला असता. आणि आता त्याच्या मरणाच्या अहवालात ‘पोटाचा विकार’ लिहिला जाणार होता.

तो मालवाहू विमान चालवायचा. सहा आठवड्यांपूर्वी पहाटे उतरताना त्याचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला घासलं. तो आणि त्याचा सहवैमानिक, दोघंही गेले. आता अपघात तपास मंडळाची बाई दुपारी तीनला घरी येणार होती. माझे मोठे दीर सकाळी अकरापासूनच येऊन बसले होते, मला पढवायला.

“कंपनीच्या कागदावर काय आहे? त्या महिन्यात पोटदुखीच्या दोन रजा. बास. तू फक्त ‘हो’ म्हण.”

“त्याचं पोट कधी दुखलं नाही, भाऊजी.”

“मला सांगतेस? एका ताटात जेवून मोठे झालोत आम्ही.”

“मग तुम्हीच सांगा की त्यांना.”

“अगं, आजारी माणसाला कुणी नावं ठेवत नाही. झोपलेल्याला ठेवतात. उद्या शाळेत पोरीला कुणी विचारलं, तुझा बाप विमान चालवताना झोपला का गं? काय सांगेल ती?”

पोरीचं नाव त्यांनी मुद्दामच शेवटी काढलं.

वैमानिकांमध्ये एक रीत आहे. कंपनीला ‘थकलोय’ म्हणायचं नाही. म्हटलं की वेगळा अर्ज, मग साहेबासमोर हजेरी, घरी काय करतोस, झोपत का नाहीस, आणि नावापुढे कायमची खूण. पोट बिघडलं म्हटलं की कुणी खोलात जात नाही. कोण विचारणार, किती वेळा गेलास? म्हणून त्या कंपनीत झोप कुणाचीच मोडत नाही, पोटंच बिघडतात. महिन्यात दोनदा खपून जातं. तिसऱ्यांदा डॉक्टरची चिठ्ठी लागते.

त्याच्या दोन होऊन गेल्या होत्या. सहा दिवसांत चार रात्रपाळ्या, दिवसा पडदे ओढून दोन-अडीच तासांची झोप, तीही मी नळ सोडला की मोडणारी. त्या संध्याकाळी बूट घालताना तो म्हणाला, “पोटाचा कोटा संपला गं,” आणि हसला. मीही हसले. मला त्या हसण्याची शिसारी येते.

साडेबाराला लंबूचा फोन आला. लंबू म्हणजे त्याच्याच कंपनीतला वैमानिक, माझ्या घरच्या दाराच्या चौकटीत वाकून येणारा माणूस.

“वहिनी, एक विनंती आहे. रजांचं खरं कारण बोलू नका. आम्ही पस्तीस जण त्या एका सबबीवर जगतोय. ती गेली तर कंपनी प्रत्येकाकडून चिठ्ठी मागेल.”

“आणि माझा माणूस गेला त्याचं काय?”

“तो आता येणार आहे का परत?”

मी फोन ठेवला. सगळे शहाणे माझ्याच जिभेवर पाय ठेवून उभे होते.

बाई बरोबर तीनला आली. पन्नाशीची, पायात सपाट चपला, हातात जाड वही. आत येऊन तिने आधी पाणी मागितलं, मग खुर्ची खिडकीपासून फिरवून बसली.

“मी कंपनीची नाही आणि पोलिसांचीही नाही,” ती म्हणाली. “आमचं मंडळ कुणाला दोषी ठरवत नाही. हे कशामुळे झालं ते शोधतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.”

“सरकारी वाक्य छान पाठ आहे,” मी म्हटलं.

दीर खाकरले. बाईला राग आला नाही. “दिवसातून तीनदा म्हणावं लागतं. पाठ होतंच.”

मग तिने शेवटच्या तीन दिवसांचा तास न् तास विचारायला सुरुवात केली. कधी उठले? कधी जेवले? मी आठवून आठवून उत्तरं देत होते. मग ती म्हणाली, “शेवटची चार मिनिटं ते एक शब्दही बोललेले नाहीत. ध्वनिमुद्रणात फक्त सहवैमानिक बोलतो; उत्तर येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. त्या वेळी एकदम तब्येत बिघडली असेल का, ते पाहतोय. पोटाचं दुखणं जुनं होतं?”

“जुनंच,” दीर म्हणाले. “घराण्यातच आहे.”

“औषधं घरात असतील ना? बघू का?”

मी स्वयंपाकघरातल्या कपाटातून औषधांचा डबा आणला. त्यात काय काय आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं: तापमापक, चिकटपट्ट्या, डोकेदुखीचा बाम, पोरीच्या खोकल्याचं औषध. बाईने झाकण उघडलं, आणि सगळ्यात वर पोटाच्या औषधाची एक गुलाबी बाटली होती. जन्मात न पाहिलेली.

मी दिरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

बाईने बाटली फिरवून फिरवून पाहिली. “हिचं सील फोडलेलं नाही.”

“संपली की नवीन आणून ठेवायचा,” दीर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. “आधीची संपली असेल.”

बाईने बाटली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. हो म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सुटका होती. नवरा आजारी, पोरगी सुरक्षित, लंबू सुरक्षित, कंपनी तर काय, कायमच सुरक्षित. आणि परवा, तेरवा, कुठल्या तरी पहाटे आणखी कुणी तरी चार मिनिटं गप्प झालं असतं.

“ही बाटली भाऊजींनी आणली,” मी म्हटलं. “आज सकाळी.”

“अगं!”

“थांबा, भाऊजी. बाई, तो खोटं बोलला होता. दोन्ही वेळा. त्याला झोप हवी होती, म्हणून पोट सांगितलं. सगळे तेच सांगतात. तिसऱ्यांदा सांगता येत नव्हतं, म्हणून तो पाळीवर गेला. झोपला असेल तो. हो, झोपलाच असेल. लिहा.”

मला वाटलं ती नाक मुरडेल. तिने पान उलटलं आणि विचारलं, “सगळे म्हणजे किती?”

“नावं नाही सांगणार.”

“नावं नकोच आहेत. एकट्या तुमच्या सांगण्यावर मला काही लिहिता यायचं नाही. पण आता काय शोधायचं ते कळलं. सगळ्या वैमानिकांच्या दोन वर्षांतल्या पोटदुखीच्या रजा मागवते. त्या कुठल्या पाळ्यांनंतर येतात ते बघू. पोटाला काही रात्रपाळीचं वेळापत्रक कळत नाही.”

“कंपनीला कळेल, मी बोलले ते?”

“तुमचा जबाब त्यांना मिळणार नाही. अंदाज बांधतील. ते मी थांबवू शकत नाही.”

“बघ!” दीर म्हणाले आणि एकदम तोंडावर हात घेऊन रडायला लागले. भावासाठी सहा आठवड्यांत पहिल्यांदा. मी त्यांना पाणी दिलं, पण धीर द्यायला माझ्याजवळ उरलाच नव्हता.

संध्याकाळी मीच लंबूला फोन लावला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

“सांगितलं मी.”

तो म्हणाला, “छान केलंत. उद्या पहाटे चारची पाळी आहे माझी. माझ्या दोन होऊन गेल्यात.”

“झोप किती झालीय?”

“विचारू नका. दोन दिवसांत चार तास.”

“मग थकलोय म्हणून कळवा.”

“वहिनी, तो अर्ज आजवर कुणी भरलेला नाही. शब्द काय लिहायचे तेही ठाऊक नाहीत मला.”

“मी सांगते. लिहा. दोन दिवसांत माझी झोप चार तास झाली आहे. मी उद्या विमान चालवणार नाही.”

“चालवू शकणार नाही, असं लिहू?”

“चालवणार नाही.”

पलीकडून मोबाइलच्या कळा दाबल्याचा टकटक आवाज आला. मग तोही थांबला.

“पाठवलं?”

“थांबा, वहिनी. थांबा जरा.”

मी फोन कानाला घट्ट लावून त्याचा श्वास ऐकत राहिले.