डावखुरी सात नंबर

मित्रांनो, मी गोल्फची सात नंबरची काठी आहे, आणि तीही डावखुरी. आत्मवृत्त सांगताना गोड बोलायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. एका डावखुऱ्या साहेबांनी मला विकत घेतले आणि भद्रावतीकडच्या एका वसाहतीत आणले. वसाहतीमागे नऊ होलांचे मैदान होते. मैदानाच्या कडेने नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. साहेबांची बदली झाली, तेव्हा ते मला क्लबच्या कपाटात विसरून गेले. बाकीचे सगळे उजव्या हाताने खेळणारे. कोणी मला चुकून उचलले, तर "अरे, ही उलटी आहे!" म्हणून परत आत फेकत. फाटक्या छत्र्यांखाली मी गंजत पडले.

एक दिवस संघप्रियाने ते कपाट उघडले. ती वसाहतीच्या दवाखान्यात नर्स होती आणि नुकतीच खेळायला शिकत होती. तिने मला डाव्या हातात तोलले आणि हसली. "हे तं माह्याचसाठी ठेवली हाये!" घरी नेऊन तिने माझा गंज रॉकेलने घासून काढला. त्या दिवसापासून मी तिची झाले.

आता क्रमवारीचे सांगते, कारण सारा विखार तिथूनच सुरू झाला. आमच्या भागातल्या हौशी महिला खेळाडूंच्या वर्षात चार स्पर्धा होत. प्रत्येक स्पर्धेत पहिली येणारीला शंभर गुण, दुसरीला सत्तर, तिसरीला पन्नास. चारही स्पर्धांची बेरीज करून क्लबच्या भिंतीवर नावे लागत. जिचे नाव सर्वांत वर, ती राज्य स्पर्धेला जाई. सलग चार वर्षे ते नाव रंजीतामॅडमचे होते. त्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या, आणि खरे सांगायचे तर खेळतही छान.

संघप्रियाचे नाव वर सरकू लागले तसे क्लबमधले वारे फिरले. सरावाला तिच्याबरोबर कोणी येईना. ती चहाच्या टेबलाशी बसली की बाकीच्या उठून दुसरीकडे बसत. एकदा रंजीतामॅडम सर्वांदेखत म्हणाल्या, "नर्सला आजकाल ड्यूटी नसते वाटतं?"

"हाये न मॅडम. रात्रपाळी करून आली."

"मग झोपायचं ना जाऊन."

"पहिला नंबर आला का झोपीन."

नागपूरच्या स्पर्धेत तिने माझ्या एका फटक्याने चेंडू तळ्यावरून थेट झेंड्याजवळ टाकला. अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते. आमच्या क्लबच्या बायका मात्र हाताची घडी घालून उभ्या होत्या.

शेवटची स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. संघप्रिया चाळीस गुणांनी पुढे होती. रंजीतामॅडम पहिल्या आल्या आणि ही दुसरी आली, तरी क्रमवारीत हीच वर राहणार होती. दोघी एकाच जोडीत खेळत होत्या. सातव्या होलपर्यंत एकमेकींशी एक शब्द नाही. तिथे रंजीतामॅडम नाल्याच्या अंगाला आपला चेंडू शोधत वाकल्या, आणि त्यांच्या मागच्या झुडपातून वाघीण बाहेर आली.

संघप्रियाने तिला आधी पाहिले. "मॅडम, पळू नका. माह्याकडे पाहा न हळूहळू इकडं या."

असे म्हणत ती पुढे झाली आणि मैदानाला पाणी देणाऱ्या पंपाच्या लोखंडी पाइपावर मला बडवू लागली. ठण्, ठण्, ठण्! माझी मान वाकली, पण तिने हात थांबवला नाही. वाघीण दबकली, वळली आणि नाल्यात उतरली. संघप्रियाने मॅडमना पंपाच्या खोलीत ढकलले आणि बाहेरून कडी लावली. मग ती धावतच सुटली, कारण नाल्याच्या खालच्या अंगाला शेजारच्या गावची गिरजाबाई आणि तिच्या सोबतिणी गवत कापत होत्या.

"गिरजाबाई, विळे टाका! इकडे या, इकडे!"

त्या सगळ्यांना तिने वसाहतीच्या फाटकाच्या आत आणले. एक म्हातारी पडली होती, तिचे रक्त थांबवले. इकडे निरोप मिळताच वनखात्याची माणसे आली, त्यांनी वाघिणीला जंगलाकडे हाकलले आणि पंपाच्या खोलीची कडी काढली. रंजीतामॅडम बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि सातवा आणि उरलेले दोन होल खेळून मोकळ्या झाल्या.

क्लबचे सचिव हरिदासभाऊ यांनी संध्याकाळी नियम वाचून दाखवला. खेळ थांबवायची घंटा वाजल्याशिवाय मैदान सोडून गेले, तर त्या स्पर्धेचे गुण शून्य.

"घंटा वाजवाले कोणी होतं का तिथं?" संघप्रियाने विचारले. "मॅडम, तुम्हीच सांगा न."

रंजीतामॅडम हातमोजा काढत म्हणाल्या, "मी तर खोलीत बंद होते. ही कुठे गेली, मला काय माहीत?"

भिंतीवर पाचव्यांदा त्यांचे नाव सर्वांत वर लागले.

मी खेळायच्या कामाची उरले नव्हते. संघप्रियाने मला क्वार्टरच्या दाराशी उभे केले. राज्य स्पर्धा संपल्यावर एका दुपारी रंजीतामॅडम त्याच दारात आल्या. आवाज पडलेला होता. "तू मला वाचवलंस, हे मी क्लबच्या समितीपुढे सांगायला तयार आहे."

"तवा काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी माझ्या वाकलेल्या मानेकडे पाहिले. मग म्हणाल्या, "पाचवं वर्ष होतं ना."

"मंग राहू द्या ते तुमच्याजवळ," संघप्रिया म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.

पुढच्या वर्षी ती नव्या काठीने खेळली आणि क्रमवारीत पहिली आली. बक्षीस समारंभाचा फोटो माझ्यासमोरच्या भिंतीवर आहे. पहिली आणि दुसरी शेजारी उभ्या आहेत, पण मधे एक माणूस आरामात मावेल. दोघींपैकी कोणीही हसत नाही. मला तो फोटो आवडतो.

मित्रांनो, गुण जरूर मोजा, नंबरही लावा. पण खेळ सोडून कोणी दुसऱ्यांचा जीव वाचवायला धावली, तर तिच्या नावापुढे शून्य लिहिण्याआधी तुमचा हात थांबू द्या. आणि माझ्यासारखी वाकलेली काठी कुठे दिसली, तर भंगारात टाकण्यापूर्वी ती कशाने वाकली, तेवढे विचारा.