आईच्या साडीची खोळ

निमगाव केतकीत पायलच्या दारात भर दुपारी एक गाडी थांबली. कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई उतरली आणि चपला न काढताच आत येऊन तिनं बाबागाडीची खोळ पायलच्या मशीनवर टाकली.

"ही तुम्हीच शिवलीत ना?"

पायलनं खोळ ओळखली. वरून हिरवी साडी, आतून जुन्या दुपट्याचं मऊ अस्तर. "व्हय ताई. का, उसवली का?"

"माझ्या आईची साडी कुठाय?"

पायलला काही उमजेना. मग बाईनंच सांगितलं. ती राजेश्वरी, बारामतीची. आईच्या माघारी तिची इरकली साडी राजेश्वरीनं निकिताच्या दुकानात दिली होती, बाळाच्या गाडीला खोळ करायला. पदरावर एका जागी रफू होतं. राजेश्वरी तान्ही असताना चुलीतला निखारा उडाला, तो आईनं पदरावर झेलला होता. ते रफू बाळाच्या हाताशी येईल असं शिवा, एवढंच तिचं मागणं होतं.

"हे इरकल नाही, कुठलंतरी मिलचं कापड आहे. निकिता म्हणाली, 'पायल गावाकडं साड्या बदलते, चांगल्या ठेवून घेते. मी तरी काय करू?'"

निकिता पायलची शाळेपासूनची मैत्रीण. जुन्या साड्या-चादरींतून बाळांच्या सामानाला खोळी शिवायच्या, हे दोघींनी मिळूनच ठरवलेलं. निकितानं बारामतीत दुकान थाटलं. कापड ती पाठवायची, शिवायची पायल. दर खेपेला निकिता सांगायची, ही अमकीच्या आजीची, ही तमकीच्या आईची. पायल ते खरं धरून साडी हातानं धुवायची, सावलीत वाळवायची. कात्री लावताना तिचा जीव वरखाली व्हायचा.

"ताई, असली साडी माझ्याकडं आलीच न्हाय," ती म्हणाली. "मी येते तुमच्यासंगं. आत्ताच."

गाडीत बाळ पायलच्या बांगड्यांशी खेळत होतं.

दुकानात निकिता एका गिऱ्हाइकाला जाकीट दाखवत होती. हिरवं इरकल, लाल काठ. राजेश्वरीनं ते सरळ तिच्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं. पाठीवर, डाव्या अंगाला, रफू होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली. गिऱ्हाइकानं काढता पाय घेतला.

"निके, हे काय गं?" पायलनं विचारलं.

"अगं, इरकलीच्या जाकिटाला लोक नंबर लावून बसल्यात. खोळीवर काय, लेकरू दूधच ओकणार. तिला कसलंबी कापड चालतंय. म्हणून बोहारणीकडच्या जुन्या साड्या तुला दिल्या."

"सगळ्याच?"

निकिता हँगर सरळ करू लागली.

"आन् चोर मला केलंस?"

"मग काय सांगायचं होतं? दुकान माझं हाय. तुला हितं ओळखतंय कोण?"

पायलला वाटलं होतं, निदान हिची मान तरी खाली जाईल. निकिता हँगर नीट लावत राहिली. पायलनं जाकीट घडी करून राजेश्वरीच्या पिशवीत ठेवलं. कुणी अडवलं नाही.

राजेश्वरीनं सोपवलेलं ते जाकीट पायलनं घरी टाका-टाका उसवलं. कापड आधीच कापलेलं, त्यात पुरी खोळ बसेना. बाबागाडीच्या छतापुरतं निघालं. रफू तिनं आतून, बाळाच्या नजरेसमोर घेतलं. राजेश्वरी न्यायला आली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला नको नको ते बोलले." पायल नुसती हसली. पण आजवर किती आयांच्या नावानं तिनं भलतंच कापड शिवलं होतं, त्या कोण, कुठल्या, तिला काहीच ठाऊक नव्हतं. कुणाकडं जाऊन सांगणार?

पुढं एकदा गावच्या बाजारात निकिताची आई रंगुबाई भेटली. वरकुट्याहून आली होती. पायलच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "दोघी भांडलाय का गं? निकी तुझं नावच काढत न्हाय."

पायलच्या ओठांवर सगळं आलं होतं.

"न्हाय मावशी," ती म्हणाली. "तिला आता सवड नसती."

आणि रंगुबाईची जड पिशवी उचलून ती तिच्यासोबत एसटी स्टँडकडं चालू लागली.