टाकीला विरजण

जाळी

गावाचं सांडपाणी पहिल्यांदा जाळीपाशी अडतं. चिंध्या, काड्या, कधी कुणाच्या नातवाचा मोजा. बार्ला रोज सकाळी दाताळ्याने सगळं ओढून काढते. कोण काय टाकतं ते तिला कळतं, पण ती बोलत नाही. त्या सकाळी कचरा नेहमीचाच होता. वास मात्र आंबट होता, आणि तो पाण्याबरोबर वाहत पार

हवेची टाकी

गाठून बसला होता. इथे खालून बुडबुडे सोडतात, म्हणजे घाण खाणारे जीव जगतात. डोळ्यांना न दिसणारे. बार्ला त्यांना ‘माझी जनावरं’ म्हणते. एरवी टाकीला जंगलातल्या ओल्या मातीचा वास येतो. आज काठावरून पांढरा, चिकट फेस ओसंडत होता. जनावरं गुदमरली होती.

पुढच्या शुक्रवारी ग्रामसभा. गावाचं हे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र ठेवायचं, की पाइप टाकून घाण खोऱ्यातल्या शहराकडे सोडायची, ते हात वर करून ठरणार. पाइप आला की केंद्र बंद आणि बार्ला घरी. आंबट वास तर चर्चपर्यंत चढला होता. अशा वासात तिच्यासाठी हात कोण वर करणार?

ती तडक डेअरीत गेली. तिचा दीर लुरेन तांब्याच्या कढईपाशी उभा होता.

“भावजी, चीज काढल्यावर उरलेलं पाणी कुठे टाकताय?”

“मोरीत. डुकरं यंदा लवकर कापली. पिणार कोण?”

“मला विचारायचं तरी.”

“अहो वहिनी, दुधाचंच पाणी ते. डुकरं पिऊन टुणटुणीत होतात. तुमच्या किड्यांना काय धाड भरली?”

“मेजवानी झाली त्यांची. इतकं खाल्लं की श्वासाला हवा पुरेना. मेले.”

कढई ढवळायचा डाव लुरेनच्या हातातच राहिला. रंग, तेल, औषधं मोरीत ओतायची नाहीत, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. पण दूधही घात करतं, असं या डोंगरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

डाव कढईच्या काठावर ठेवून तो म्हणाला, “माझं चीजचं विरजण मेलं तर मी काय करतो?”

“शेजारून मागून आणता.”

लुरेनने कढईखालचा जाळ विझवला आणि ट्रॅक्टरची किल्ली घेतली.

विरजण

खिंडीपलीकडच्या गावाशी यांचं कुरणांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. तिथलं केंद्र सांभाळणारा बाल्त्सर पोट धरून हसला.

“आमची घाण मागायला आलीस? आजोबा म्हणायचेच, एक दिवस येतील.”

“जिवंत आहे का तेवढं सांग.”

“आमच्याकडे सगळंच जिवंत असतं.” त्याने लुरेनच्या शेणाच्या टँकरमध्ये आपल्या टाकीतला जिवंत गाळ भरून दिला. “परत नाही केलास तरी चालेल.”

परतीच्या घाटात लुरेनने ट्रॅक्टर असा चालवला की मागे गाड्यांची रांग लागली.

“पाळण्यात बाळ निजलंय का, भावजी?”

“विरजण हिंदकळू देऊ नये, वहिनी.”

निवळणी

फेस काढला. खालून हवा पूर्ण जोरात सोडली. गाळ मिसळला. डेअरीचं पाणी आता खिंड ओलांडून बाल्त्सरच्या डुकरांना जाऊ लागलं. काहीतरी परत करणं झालंच.

शेवटच्या टाकीत गाळ खाली बसतो आणि पाणी वर निवळतं. बार्ला रोज ते काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरायची.

गढूळ.

गढूळ.

जरा कमी गढूळ.

गुरुवारी तिने बरणी धरली, तर पलीकडचा

ओढा

दिसला. काचेतून वाकडा, पण दगड न्‌ दगड दिसला. ती तिथेच गवतात बसली.

सभेला दाटी झाली, तशा कुणीतरी खिडक्या उघडल्या. बार्लाने श्वास रोखून धरला. आत आला तो कापलेल्या गवताचा वास. एकानेही नाक मुरडलं नाही. खोकले, खुर्च्यांची सरकासरक, मग अध्यक्षांचा प्रश्न: केंद्र ठेवावं असं कुणाला वाटतं?

पुढच्या रांगा. मागच्या रांगा. दारात उभे असलेले. हातच हात.

बार्लाने श्वास सोडला. शेजारी लुरेनने दोन्ही हात वर केले होते.

“एकच चालतो, भावजी.”

“दुसरा बाल्त्सरच्या डुकरांचा.”